विश्लेषण : जळगाव-धुळ्यात स्पोर्ट्स कार विकायचीय? किंमत कशी ठरते, जाहिरातीत काय हवं?

सचिन तेंडुलकरची लाल फेरारी ३६० मोडेना २०११ मध्ये विकली गेली. मुंबईची ही गाडी घेतली सुरतच्या एका उद्योजकानं. खान्देशात ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी यात कामाची गोष्ट आहे. अशा गाडीचं गिऱ्हाईक सहसा गावात मिळत नाही. जळगाव, धुळ्यात दीड-दोन कोटींची दोन दारांची गाडी जुनी घेणारे मोजकेच, आणि तेही बहुतेक एकमेकांच्या ओळखीतले. खरा बाजार मुंबई, पुणे, सुरत आणि इंदूरचा. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात, एवढी जमेची बाजू.

भाव काढायचा कसा?

केळीचा भाव रावेर, बऱ्हाणपूरच्या बोर्डावर कळतो. या गाड्यांना असा बोर्ड नाही. ऑनलाइन दिसतात त्या मागितलेल्या किमती. सौदा किती रुपयांना झाला, हे तिथे कुणी लिहीत नाही. त्यामुळे त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या चार-पाच जाहिराती जमवायच्या आणि महिनाभर लक्ष ठेवायचं. ज्या जाहिरातीची किंमत उतरत जाते, ती मुळात जास्त लावलेली होती.

दुसरा आकडा डीलरकडून घ्यावा. तो विकत घ्यायला जे सांगतो तो तळ आणि स्वतः विकताना जे मागतो ते छत. खासगी सौदा या दोहोंच्या मधे बसतो. डीलरला नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, म्हणजे ८० लाखांना घेऊन ९० ला विकली तर १० लाखांवर १.८ लाख. स्वतःच्या नावावरची गाडी विकणाऱ्या खासगी मालकाला हा जीएसटी नाही. ही बचत दोघांनी वाटून घेता येते.

मात्र खान्देशात बऱ्याच उद्योजकांच्या गाड्या फर्म किंवा कंपनीच्या नावावर असतात. फर्म जीएसटीत नोंदलेली असेल आणि गाडीवर घसारा दाखवला असेल, तर घसाऱ्यानंतरच्या मूल्यापेक्षा जितकी जास्त रक्कम मिळेल त्यावर १८ टक्के लागतो. किंमत सांगण्याआधी सीएला एक फोन करणं स्वस्त पडतं.

घेतली तेव्हाचं बिल का चालत नाही?

बहुतेक मालक इथेच अडकतात. गाडीला ऑनरोड दोन कोटी मोजले, मग दीड तरी यायलाच हवेत, असा हिशेब असतो. पण त्या दोन कोटींत रोड टॅक्स आणि विमाही होता. शिवाय खरेदीदार तुमचं जुनं बिल बघत नाही, तो आज नवी गाडी कितीला मिळते ते बघतो. मोठ्या इंजिनच्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी अधिक २० टक्के सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरळ ४० टक्के झाला. १४८ रुपयांची वस्तू १४० ला आली, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के उतार. कंपनीनं मधल्या काळात दर वाढवले नसतील, तर जुन्या गाडीची किंमतही तेवढी खाली आलीच.

विम्याच्या कागदावरची आयडीव्ही हा आणखी एक फसवा आकडा. तिचा घसारा ठरावीक तक्त्यानं निघतो, चौथ्या ते पाचव्या वर्षात ५० टक्के. दुर्मीळ मॉडेल बाजारात त्याहून चांगला भाव खातं, आणि दुरुस्ती महाग असलेलं एखादं मॉडेल त्याच्याही खाली जातं.

एकाच गाडीचे दोन भाव

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के एकरकमी कर आहे; आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. पुण्याच्या गिऱ्हाइकाला एमएच-१९ किंवा एमएच-१८ ची गाडी घेताना हा कर पुन्हा भरावा लागत नाही. नवी घेतली तर मात्र ३० लाखांपर्यंत जाऊ शकतात. जुन्या गाडीचं हे बळ सौद्यात वापरता येतं.

सुरत किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाचं गणित वेगळं. त्याला आरटीओची एनओसी लागते आणि गाडी आपल्या राज्यात नेऊन तिथला कर भरावा लागतो. तेवढी रक्कम तो किमतीतून कापूनच बोलतो. म्हणून जाहिरातीतली किंमत महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाच्या हिशेबानं लावावी, आणि परराज्यातल्या गिऱ्हाइकासाठी किती खाली यायचं ते मनात पक्कं ठेवावं.

आयात गाडीत सीमाशुल्काचे कागदही भाव ठरवतात. तेंडुलकरच्याच फेरारीवर शुल्कमाफी द्यावी का, यावरून २००३ मध्ये मोठा वाद झाला आणि अखेर सुमारे १.१३ कोटींचं शुल्क फियाट कंपनीनं भरलं. शुल्क भरल्याची पावती नसलेल्या गाडीला जाणकार गिऱ्हाईक हात लावत नाही.

जाहिरातीत काय लिहायचं?

'एकदम शोरूम कंडिशन' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं, म्हणून ते कुणी वाचत नाही. साडेतीनशे किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाला गाडी न बघता विश्वास बसेल असं लिहावं लागतं. उदाहरणार्थ : '२०१९, पेट्रोल, एमएच-१९, पहिला मालक, १४ हजार किमी, सर्व सर्व्हिस कंपनीत, दोन्ही चाव्या, टायर २०२३ चे, कर्ज नाही, उजव्या मागच्या अलॉयवर घासल्याची खूण.' त्या खुणेचा जवळून फोटो टाका. दोष आधीच सांगितला की दारात येऊन भाव पाडायला कारण उरत नाही.

कमी रनिंगचा फार गवगवा करू नये. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उभी राहिलेली गाडीही झिजते. टायर कडक होतात, रबरी सील सुटतात, बॅटरी बसते. टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. जाणकार आधी तेच वाचतो. थंड इंजिन चालू करतानाचा आवाजासह व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा उपयोगी. चासी नंबर आणि घराचा पत्ता मात्र दिसू देऊ नका.

पैसे आणि चावी

टेस्ट ड्राइव्हआधी लायसन्स बघा आणि सोबत बसा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानुसार तेवढाच दंड होऊ शकतो. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करायला सांगणारा 'खरेदीदार' भामटाच समजावा. आरटीजीएसचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, रक्कम खात्यात दिसल्यावरच चावी द्या.

सर्वात मोठी जोखीम त्यानंतरची. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात, गाडी पुढे अनेकांना विकली गेली असतानाही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावर टाकली होती. साडेपाचशे अश्वशक्तीची गाडी अनोळखी हातात देताना हा निकाल आठवावा. राज्यातल्या विक्रीची माहिती १४ दिवसांत, परराज्यातल्या विक्रीची ४५ दिवसांत आरटीओला द्यायची असते. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र चावी देतानाच सह्या करून घ्या. आरसीवर नवं नाव आलं की नाही, हे परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून तपासता येतं. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की पुढच्या गाडीला ५० टक्क्यांपर्यंत सवलत लावता येते.