मैत्रीची इंग्रजी : काही रूढ समजुतींची झडती

पैनगंगेच्या काठी वसलेल्या किनवट गावात किंवा त्या तालुक्यातील एखाद्या तांड्यावर ज्या मुलाचे बालपण जाते, त्याच्या कानांवर मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि दखनी उर्दू या भाषा कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या साहाय्यावाचून पडत असतात. हा तालुका १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता आणि निजामाच्या अमदानीत दफ्तराची भाषा उर्दू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या बहुभाषिकतेचे नवल उरत नाही. बाजारातल्या दुकानदाराशी एका रीतीने, सवंगड्याशी दुसऱ्या रीतीने आणि तहसिलीतल्या कारकुनाशी तिसऱ्याच रीतीने बोलण्याची ज्याला उपजत सवय आहे, तोच विद्यार्थी इंग्रजीतील स्नेहसंबंधांचे शब्द शिकू लागताच अडखळतो. आणि याचे कारण पाहू गेल्यास दोष त्याच्या बुद्धीचा नसून, त्याच्या माथी आगाऊच मारलेल्या काही समजुतींचा आहे असे दिसून येते.

पहिली समजूत अशी की, शब्दांची संख्या वाढली की भाषा आली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी शिकवली जात आहे, तरीही वहीचे दोन रकाने पाडून डावीकडे इंग्रजी व उजवीकडे मराठी शब्द लिहून घेण्याची प्रथा काही सुटलेली नाही. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने ढाक्यात राहून बंगाली विद्यार्थ्यांच्या अडचणींचा दीर्घकाळ अभ्यास केला होता. पुढे १९५३ साली त्याने जी प्रसिद्ध शब्दसूची छापली तीत शब्द होते सुमारे दोन हजार, आणि तिचा खरा विशेष हा की, एकाच शब्दाचा कोणता अर्थ व्यवहारात किती प्रमाणात येतो हेही तीत नमूद केले होते. आपल्या रकान्यांतून नेमकी हीच नोंद गहाळ झालेली असते.

‘फ्रेंड’ म्हणजे मित्र, हे समीकरण घ्या. मराठीत मित्र आणि मैत्रीण असा लिंगभेद आहे, इंग्रजीत तो नाही. तेव्हा महाविद्यालयातील एखादा सालस तरुण वर्गभगिनीची ओळख करून देताना, मैत्रीण या शब्दाचे प्रामाणिक भाषांतर म्हणून ‘माय गर्लफ्रेंड’ असे म्हणून जातो आणि ऐकणारे गालातल्या गालात हसतात, कारण पुरुषाच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ प्रेयसी असा होतो. (अमेरिकेत एक स्त्री दुसऱ्या स्त्रीचा उल्लेख याच शब्दाने निव्वळ मैत्रीण म्हणून करते, ही गोष्ट वेगळी.) तेथे ‘फ्रेंड’ एवढेच पुरे, अथवा ‘क्लासमेट’. ज्याच्याशी केवळ नमस्कारापुरता परिचय आहे तो ‘ॲक्वेन्टन्स’, कचेरीत शेजारच्या मेजावर बसतो तो ‘कलीग’. या दोघांनाही सरसकट ‘फ्रेंड’ म्हटल्याने मोठा प्रमाद घडत नाही, परंतु नात्याची जी पायरी दाखवावयाची ती दाखविली जात नाही.

नात्यागोत्याच्या शब्दांत याच्या उलट प्रकार होतो. आत्याच्या मुलाला आपण ‘कझिन ब्रदर’ म्हणतो. इंग्लंडमध्ये नुसते ‘कझिन’ म्हणतात. मेहुणा, दीर आणि बहिणीचा नवरा या सर्वांची तेथे ‘ब्रदर-इन-लॉ’ या एकाच नावाखाली बोळवण होते. साडूकरिता दक्षिण भारतातील इंग्रजीने ‘को-ब्रदर’ असा शब्द बनविला असून तो हैदराबादेत राजरोस चालतो. त्याला अशुद्ध ठरविण्याची घाई कोणी करू नये, असे माझे मत आहे. तो लंडनमध्ये कळणार नाही, एवढी जाणीव ठेवली म्हणजे झाले.

इंग्रजीत अदब नाही, लहानथोर सर्वांना एकच ‘यू’, हा आक्षेप तर मोठ्या हिरिरीने घेतला जातो. वस्तुतः इंग्रजीत ‘तू’च्या जागी ‘दाऊ’ आणि ‘तुम्ही’च्या जागी ‘यू’ अशी दोन रूपे होती. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनी, ज्यांचा पंथ स्वतःस ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ म्हणवितो, देवापुढे सर्व मनुष्ये समान या निष्ठेपायी न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्याबद्दल लोकांचा रोष ओढवून घेतला. कालांतराने सर्वसाधारण व्यवहारातून ‘दाऊ’च लुप्त झाला. म्हणजे उरला तो आदरार्थी शब्द! आज अदब ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा वाक्यारंभांत राहते. ‘गिव्ह मी वॉटर’ हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही पाहुण्याच्या तोंडी हुकमासारखे वाटते. घरातल्या माणसाचे आभार मानणे आपल्याला परकेपणाचे वाटते. इंग्रज कुटुंबात मात्र मीठ पुढे सरकविल्याबद्दलही ‘थँक यू’ म्हटले जाते.

‘हाऊ आर यू’ या प्रश्नास प्रकृतीचा सविस्तर अहवाल अपेक्षित नसतो, जसा ‘झालं का जेवण?’ या आपल्या प्रश्नास पानात काय काय होते याचा नसतो. तसेच ‘यू मस्ट कम ओव्हर समटाइम’ हे वाक्य ‘या एकदा घरी’ याच्याच जातकुळीचे आहे. दिवस आणि वेळ ठरेपर्यंत ते आमंत्रण समजू नये.

राहता राहिली ही समजूत की, त्यांच्या शब्दांशी आपले कोणतेही नाते नाही. जिवलगासाठी वापरला जाणारा ‘पॅल’ हा शब्द इंग्लंडमधील रोमा लोकांच्या भाषेतून इंग्रजीत शिरला आणि तिथे त्याचा अर्थ भाऊ असा आहे. रोमांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले, आणि त्यांचा तो शब्द संस्कृतातील ‘भ्रातृ’ याच्या कुळातला, म्हणजे आपल्या ‘भाऊ’चा सगोत्र. मात्र तो सलगीचा शब्द आहे. बँकेच्या व्यवस्थापकास लिहावयाच्या अर्जात तो घालू नये.