फुप्फुसातला व्रण आणि त्यावरची गोळी

गुडघा खरचटला की काही दिवसांत नवी कातडी येते. जखम खोल असेल तर मात्र तिथे कायमचा व्रण राहतो. व्रणाची कातडी हाताला जाड आणि ताठ लागते. गुडघ्यावरच्या अशा खुणेनं आपलं काहीच अडत नाही. पण असाच व्रण फुप्फुसात तयार होऊ लागला, आणि जखम भरून आल्यावरही तो वाढतच राहिला, तर काय होईल?

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानापेक्षा थोडी कमी. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत कित्येक ठिकाणी एक मायक्रॉनहूनही पातळ असते. ती इतकी पातळ आहे म्हणूनच ऑक्सिजन क्षणार्धात रक्तात उतरतो. या भिंतीत व्रणाचे तंतू साठले की दोन गोष्टी होतात. भिंत जाड झाल्यानं ऑक्सिजनची वाट अवघड होते, आणि फुप्फुस ताठ झाल्यानं ते पुरेसं फुगत नाही. या विकाराला पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात. त्याचं कारण सापडलं नाही तर नावाआधी ‘इडिओपॅथिक’ हा शब्द लागतो, आणि मग त्याला थोडक्यात आयपीएफ म्हणतात. हा बहुधा पन्नाशी-साठीनंतरचा आजार. उपचाराविना, निदानानंतर सरासरी तीन ते पाच वर्षांचं आयुष्य उरतं.

व्रण कसा वाढतो?

वायुकोशाच्या अस्तराला इजा झाली की तिथल्या पेशी रासायनिक निरोप पाठवतात. त्यातला एक महत्त्वाचा निरोप्या म्हणजे टीजीएफ-बीटा हे प्रथिन. त्याच्या सांगण्यावरून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लागतात आणि कोलॅजेनचे तंतू विणतात. इजा भरली की हे काम थांबायला हवं. फायब्रोसिसमध्ये ते थांबत नाही. गवंड्यानं भिंतीचं भोक बुजवावं आणि मग खोलीच विटांनी भरत जावं, तसा हा प्रकार.

या विणकामाला आवर घालणारी दोन तोंडावाटे घ्यायची औषधं आज रुग्णांना मिळतात. पिरफेनिडोनला 2008 मध्ये जपानमध्ये मान्यता मिळाली, 2010 मध्ये ते भारतात आलं. निंटेडॅनिबला 2014 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पिरफेनिडोन नेमकं कसं काम करतं याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, पण प्रयोगशाळेत ते टीजीएफ-बीटाचा जोर कमी करतं. निंटेडॅनिब फायब्रोब्लास्टवरच्या निरोप घेणाऱ्या काही रेणूंना अडवतं. 2025 मध्ये अमेरिकेत नेरँडोमिलास्ट या तिसऱ्या गोळीलाही मान्यता मिळाली.

‘गुण’ येत नाही, तरी गोळी का?

इथेच खरी अडचण सुरू होते. तापाची गोळी घेतली की तासाभरात अंग हलकं होतं. फायब्रोसिसची गोळी महिनोन्‌महिने घेऊनही दम कमी झालेला जाणवत नाही, कारण झालेला व्रण ती पुसत नाही, फक्त पुढची वाढ मंद करते. उलट मळमळ, अन्नावरची वासना जाणं, जुलाब असे त्रास मात्र लगेच जाणवतात. मग रुग्ण आणि घरचे म्हणतात, ‘इतका खर्च केला, गुण काही आला नाही,’ आणि गोळी बंद होते.

गुण आला की नाही हे एका माणसाकडे पाहून ठरवता येत नाही, कारण गोळी घेतली नसती तर त्याचं काय झालं असतं हे आपल्याला दिसत नाही. त्यासाठी सारख्याच रुग्णांचे दोन गट करावे लागतात. एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निंटेडॅनिबच्या एका चाचणीत रुग्ण पूर्ण श्वास घेऊन जोरानं किती हवा बाहेर टाकतो हे मोजलं. नुसत्या गोळीच्या गटात ही हवा वर्षाला सुमारे 240 मिलिलिटरनं घटली, तर औषधाच्या गटात सुमारे 115 मिलिलिटरनं.

अशी तुलना किती गरजेची असते, हे आणखी एका चाचणीतून दिसलं. आयपीएफवर पूर्वी स्टेरॉइडसह तीन औषधं एकत्र दिली जात, आणि ते उपयोगी असल्याचा अनेक डॉक्टरांचा समज होता. अमेरिकेत त्याची चाचणी घेतली तेव्हा तीन औषधांच्या गटात 8 मृत्यू झाले आणि नुसत्या गोळीच्या गटात 1. चाचणीचा तो भाग 2011 मध्ये लगेच थांबवावा लागला.

वर्गात करून पाहू

पाच लिटरच्या पारदर्शक कॅनवर दर 250 मिलिलिटरला खूण करा. तो पाण्यानं काठोकाठ भरून पाण्याच्या टबात पालथा धरा आणि तोंडातून आत रबरी नळी सरकवा. नाक चिमटीत धरून, पूर्ण श्वास घेऊन विद्यार्थ्यानं नळीत एका दमात फुंकायचं. जितकं पाणी बाहेर गेलं तितकी त्याची हवा. प्रत्येकासाठी नळीचा तुकडा वेगळा घ्यावा, आणि खोकला किंवा दमा असलेल्यांना फुंकायला लावू नये.

आता फळ्यावर दोन रुग्ण घ्या, दोघांची हवा आज 2500 मिलिलिटर. वर दिलेला वेग तसाच राहिला असं धरलं, तर तीन वर्षांनी औषध न घेणाऱ्याची 1780 होईल आणि घेणाऱ्याची 2155. दोघांचीही रेघ खालीच उतरते, म्हणून घेणाऱ्यालाही ‘बरं’ वाटत नाही. पण दोघांत कॅनवरच्या दीड खुणेचा फरक पडला. काहीजणांच्या बाबतीत जिना चढणं आणि अंथरुणाला खिळणं यांमधलं अंतर तेवढंच असतं. शिवाय गेलेली हवा परत येत नसल्यानं, गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकी जास्त हवा शिल्लक राहते.

जालन्याचा उन्हाळा आणि कूलर

कारण न सापडलेल्या आयपीएफइतकाच, कारण सापडू शकेल असा फायब्रोसिसही आपल्याकडे महत्त्वाचा आहे. जयपूरच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 19 शहरांतल्या 1084 रुग्णांची नोंद झाली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सर्वांत जास्त, 47 टक्के रुग्ण हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिसचे निघाले. श्वासातून वारंवार जाणाऱ्या बुरशीसारख्या सेंद्रिय कणांची फुप्फुसाला वावडी होऊन हा विकार होतो आणि रेंगाळला तर व्रण उरतो. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा संबंध कूलरशी दिसला. देशातल्या दुसऱ्या केंद्रांच्या नोंदींत हे प्रमाण वेगळं आहे, त्यामुळे हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा लावू नये.

तरीही जालना जिल्ह्यात याचा विचार व्हायला हवा. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि घरोघरी कूलर लागतात. टाकीतलं पाणी साचून राहतं, कूलरचं गवत ओलंच राहतं आणि पंखा त्यावरचे कण थेट खोलीत फेकतो. बुरसलेला कडबा, साखर कारखान्यातलं जुनं चिपाड, पारव्यांची विष्ठा यांचाही असाच उपद्रव होतो. धातूच्या धुळीत काम केलेल्यांना आयपीएफ अधिक होतो असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात ते लक्षात ठेवायला हवं.

कारण सापडलं तर पहिला उपचार म्हणजे ते दूर करणं. ते करूनही व्रण वाढत राहिला तर निंटेडॅनिबचा उपयोग होतो, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 663 रुग्णांच्या चाचणीनं दाखवलं. पण कूलर तसाच चालू ठेवून गोळी घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

शिक्षकांनी काय सांगावं?

कोरडा खोकला आणि चालताना वाढत जाणारा दम ही या आजाराची लक्षणं. त्यात पाठीला स्टेथोस्कोप लावला तर दप्तराचा वेल्क्रो पट्टा उघडल्यासारखा आवाज येतो. एक्स-रेवरच्या छायेमुळे अशा रुग्णाला पुष्कळदा क्षयाचं औषध दिलं जातं. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यात थुंकी तपासायलाच हवी. पण क्षयाचा पुरावा मिळाला नाही आणि दम वाढतच असेल, तर फुंकण्याची चाचणी आणि छातीचा सिटी स्कॅन करायला सांगावं.

गोळी सुरू असलेल्यांनी ती जेवणासोबत घ्यावी आणि ठरलेल्या वेळी यकृतासाठी रक्त तपासावं. पिरफेनिडोननं कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून शेतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर रुमाल हवा. विडी-सिगारेटनं या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, तेव्हा ती सोडायलाच हवी. त्रास झाला तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावं. मात्रा कमी करून किंवा थोडे दिवस थांबून अनेकांना ती पुन्हा घेता येते.

उन्हाळा संपताना मुलांना घरच्या कूलरची टाकी रिकामी करून वाळवायला आणि जुनं गवत बदलायला सांगावं. मोठ्यांनी नाकातोंडाला फडकं बांधून हे काम उघड्यावर करावं. त्याला औषधाइतका खर्च येत नाही.