रक्ताची साक्ष

गेल्या माघातल्या एका रात्रीची ही गोष्ट. साडेअकराचा सुमार असेल. दादा अंथरुणावर पडायच्या बेतात होता, तो एकदम छाती धरून खाली बसला. "पाठीत कुणी सुरी फिरवतोय रे," एवढेच तो बोलला. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

आणि मी काय केले? ओवा आणि काळे मीठ गरम पाण्यातून दिले! "गॅस असेल," असे निदानही ठोकून मोकळा झालो. आपल्याकडे घरोघरी एक बिनपदवीचा डॉक्टर असतो. आमच्या घरात तो मी. या डॉक्टरकीत पाऊण तास गेला. ती चूक माझी, आणि ती कबूल करण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

दादाचे वय सहासष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या त्याला दिलेल्या होत्या. पण बरे वाटले की तो त्या परस्पर बंद करी. इस्पितळात पोचलो तेव्हा रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. हृदयाचा आलेख काढला. त्यात ठळक असे काही दिसेना. मग त्यांनी दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत! त्यांचा चेहरा गंभीर झाला. लगेच त्यांनी रक्त काढून घेतले.

पहिला आकडा आला तो 'डी-डायमर'चा. हृदयातून निघणारी महाधमनी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला पदर असतात. आतला पदर फाटला, की रक्त पदरांच्या मध्ये शिरून खोटी वाट काढते. तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि शरीर त्या विरघळवू लागते. त्या विरघळण्यातून उरलेले तुकडे म्हणजे डी-डायमर. मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या आत हा आकडा असला आणि इतर लक्षणेही फारशी संशयास्पद नसली, तर हा रोग बहुधा नाही असे धरतात. वाढलेला आकडा मात्र पुरावा नव्हे. तो फुप्फुसातल्या गुठळीने वाढतो, जंतुसंसर्गाने वाढतो, वयानेही वाढतो. दादाचा आकडा कित्येक पटींनी वर होता. लगोलग सीटी स्कॅन झाला. महाधमनी हृदयाजवळच फाटली होती.

'ट्रोपोनिन'ही थोडे वाढलेले होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढते. नुसते तेवढेच पाहून कुणी हृदयविकाराचा झटका ठरवला असता आणि गुठळी विरघळवणारे औषध टोचले असते, तर दादा हाती लागला नसता.

शेवटी आला 'लॅक्टेट'चा आकडा. आतड्यांना, मूत्रपिंडांना, पायांना रक्त पुरेनासे झाले की हे आम्ल साठते. निरोगी माणसात ते २ च्या आत असते. दादाचे ५ होते.

"डॉक्टर, रक्त काय म्हणते? दादा वाचेल?" मी विचारले.

"काका, रक्त भविष्य सांगत नाही. आग कुठे लागली आणि किती पसरली, एवढेच सांगते. आकडा वाढलेल्यांत दगावणारे जास्त, हे खरे. पण हा हिशेब शंभर जणांचा असतो. तुमचे दादा एकच आहेत."

शस्त्रक्रियेत मोठा धोका होता. न करण्यात त्याहून मोठा. उपचारावाचून पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रोगी जातात, असा जुना हिशेब आहे. माझा हात थरथरत होता. वहिनींनी माझ्या हातातून कागद घेतला आणि सही केली.

पुढे मी या रोगाविषयी मिळेल ते वाचले. १७६० साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच रोगाने गेला. कारण कळले ते शवविच्छेदनात. या रोगावरच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला तो अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. मायकेल डिबेकी यांनी, १९५४ च्या सुमारास. डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या होत्या. २००५ च्या ३१ डिसेंबरला त्यांचीच महाधमनी फाटली. वय ९७! कोणत्याही आकड्याने त्यांना आशा दाखवली नसती. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच पद्धतीने त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते २००८ च्या जुलैपर्यंत जगले.

दादाची शस्त्रक्रिया सात तास चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅक्टेट २ वर उतरले, तेव्हा डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या. शेजारच्या खाटेवर याच दुखण्याचे एक गृहस्थ होते. त्यांचे आकडे दादापेक्षा सौम्य होते. चौथ्या दिवशी ते गेले. त्यांचा मुलगा जिन्यात बसून रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याला काय सांगावे, हे मला आजही उमगलेले नाही.

वाचकहो, छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी कळ आली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. रक्त साक्ष द्यायला तयार असते. ती घेणाऱ्यापर्यंत माणूस वेळेवर पोचला पाहिजे.

दादा आता गोळ्या चुकवत नाही. ओव्याची बरणी वहिनींनी माझा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवली आहे. परवा ती खाली आली, पण फक्त चकल्यांसाठी!