भेटीचे घड्याळ

मुलगा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला, शिक्षणासाठी परगावी निघाला, त्याला पहिली नोकरी लागली किंवा त्याचे लग्न ठरले, की घरातील वडीलधाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो : त्याला आठवण म्हणून काय द्यावे? पैसे दिले तर ते खर्च होतात, कापड विरते, मिठाई दुसऱ्या दिवशी उरत नाही. मग पुष्कळ घरांतून एकमत होते ते मनगटी घड्याळावर. ही प्रथा आपल्याकडे दोनतीन पिढ्या तरी चालत आली आहे आणि ती चांगली आहे. परंतु अशी भेट मिळालेली कितीतरी घड्याळे वर्षादोन वर्षांत बंद पडून कपाटाच्या खणात जाऊन बसतात, हेही तितकेच खरे. देणाऱ्याची माया कमी होती असे नाही. घड्याळ घेताना त्याने किंमत पाहिली, झळाळी पाहिली, पण ते चालते कसे आणि टिकते कशाने हे पाहिले नाही. आठवण म्हणून द्यावयाचे घड्याळ कसे असावे, हे ठरविण्यापूर्वी घड्याळाची थोडी ओळख करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आपल्या पूर्वजांना काळ मोजणे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे भांडे पाण्यावर तरंगत ठेवावयाचे. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटिकांचा अहोरात्र आणि ६० पळांची एक घटिका. लग्नाचा मुहूर्त याच घटिकापात्रावरून साधला जाई, आणि ‘घड्याळ’ हा शब्दही त्याच कुळातला आहे. मात्र ही वेळ कोणा एकट्याची नसे. ती देवळाची, गावाची, सभामंडपाची असे. पुढे शहरांतून मनोरे उभे राहिले, तेव्हाही वेळ सर्वांची मिळून एकच होती. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्यासाठी द्रव्य देणारे प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या मातेचे नाव दिले. घड्याळाच्या रूपाने आठवण जतन करण्याचा याहून भव्य दाखला आपल्या परिसरात सापडणे कठीण.

मनगटी घड्याळाने ही सार्वजनिक वेळ एकेका माणसाच्या हाती आणून दिली. तरुणाला घड्याळ देण्यातला खरा अर्थ येथे आहे. आजवर त्याला कोणीतरी उठवीत होते, शाळेची घंटा त्याला वर्गात बसवीत होती, आई त्याला जेवावयास हाक मारीत होती. घड्याळ देणारे वडील त्याला न बोलता सांगत असतात, ‘यापुढे तुझा वेळ तू सांभाळ.’ म्हणजे ही भेट जितकी प्रेमाची, तितकीच विश्वासाची आहे.

आता घड्याळाच्या पोटात डोकावू. चावीच्या घड्याळात एका लहानशा डबीत पोलादाची लांब पट्टी गुंडाळून बसविलेली असते. तिला मेनस्प्रिंग म्हणतात. आपण चावी देतो तेव्हा ती आवळली जाते आणि पुढे दिवसभर हळूहळू उलगडत राहते. त्या उलगडण्याच्या जोराने दातेरी चक्रांची एक माळ फिरते आणि तिच्यामुळे काटे पुढे सरकतात. परंतु ही पट्टी मोकळी सोडली तर सारा जोर क्षणात संपून जाईल. म्हणून शेवटच्या चक्राला एक लहानसा लिव्हर आपल्या दोन नख्यांनी आळीपाळीने अडवितो आणि सोडतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ही त्या अडविण्याचीच. अडवावे केव्हा आणि सोडावे केव्हा, हे ठरविते एक डोलणारे चाक, म्हणजेच बॅलन्स व्हील, आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. अशी सर्पिल स्प्रिंग लावलेले घड्याळ क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७५ साली पुढे आणले, आणि तेव्हापासून खिशात बाळगता येण्याजोगे घड्याळ भरवशाचे होऊ लागले.

साध्या चावीच्या घड्याळात सेकंदाला ५, म्हणजे तासाला १८,००० टोले पडतात. दिवसाचे होतात ४,३२,०००. विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. दिवसाचे सेकंद ८६,४००. घड्याळ दिवसाकाठी अर्धा मिनिट मागे पडले तर आपण त्याला नावे ठेवतो. पण ती चूक २,८८० भागांत अवघ्या एका भागाची आहे. शाळेत येण्याच्या वेळेत आपली स्वतःची चूक किती असते, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा!

तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले पाहून काही लोकांना आत रत्ने दडविली आहेत असे वाटते. ते खडे माणकाचेच असतात, परंतु कृत्रिम. व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि असे खडे स्वस्त झाले. चक्रांचे आस धातूवर घासून झिजू नयेत म्हणून ते या कठीण आणि गुळगुळीत खड्यांच्या छिद्रांत फिरवितात. खडे हे घड्याळाचे धन नव्हे. त्याचे आयुष्य वाढविणारी ती योजना आहे.

दुसरा प्रकार सेलच्या घड्याळाचा. जपानच्या सेको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत स्फटिकाचा एक लहानसा तुकडा विजेच्या योगाने सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटली तरी तिच्यात युक्ती आहे. २ ला २ ने गुणत गेले की पंधराव्या घाताला ३२,७६८ येतात. त्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती लागतो. असे घड्याळ महिन्याकाठी साधारण १५ सेकंदांच्या आतबाहेर चुकते. वेळेच्या अचूकपणात चावीचे घड्याळ त्याची बरोबरी करू शकत नाही. आज तर खिशातला मोबाइलही बिनचूक वेळ दाखवितो. मग केवळ वेळ कळावी म्हणून घड्याळ भेट द्यावे, असे म्हणण्यात अर्थ उरत नाही. भेटीच्या घड्याळाची कसोटी वेगळी आहे : ते बंद पडले तर पुन्हा चालू करता येईल काय? जी वस्तू दुरुस्त होऊ शकते तीच पिढ्यान् पिढ्या टिकते.

या कसोटीवर उतरलेले आपल्या देशातील ठळक उदाहरण म्हणजे एच.एम.टी.चे घड्याळ. हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगळूर येथे निघाला तो यंत्रे घडविण्यासाठी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने तेथेच घड्याळांचा विभाग सुरू झाला आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. पुढे तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने उभे राहिले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ ही नावे घरोघरी पोचली. काही घड्याळांच्या तबकडीवर देवनागरी अंक असत. अंध बांधवांसाठी ब्रेल लिपीची घड्याळेही त्या कारखान्याने काढली. काळाच्या ओघात सेलच्या घड्याळांपुढे हा व्यवसाय टिकला नाही आणि २०१६ साली तो बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने मंजूर केला. कारखाना बंद झाला, पण त्याची अनेक चावीची घड्याळे आजही चालताना दिसतात. त्यांची रचना साधी, ती निघाली मोठ्या संख्येने, आणि गावोगावच्या घड्याळजींना त्यांचे पोट उघडून जोडण्याचा सराव. या तीन गोष्टींनी त्यांना दीर्घायुषी केले. सोन्याच्या मुलाम्याने नव्हे.

यावरून निघणारा बोध असा, की नवे घड्याळ घेण्यापूर्वी घरातले जुने कपाट उघडून पाहावे. आजोबांचे किंवा वडिलांचे एखादे बंद घड्याळ तेथे पडलेले असते. पुष्कळदा ते बिघडलेले नसते. आतले तेल सुकून घट्ट झालेले असते, एवढेच. चांगल्या घड्याळजीकडून ते सुटे करून साफ करावे, नवे तेल घालून घ्यावे, नवा पट्टा लावावा आणि मग मुलाच्या हाती द्यावे. बाजारातील कोणत्याही महागड्या घड्याळाला ही योग्यता येणार नाही. कारण ज्या हाताने मुलाला चालावयास शिकविले, त्याच हातावर ते चालत होते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. १९६० च्या आसपासच्या आणि त्यापूर्वीच्या काही घड्याळांच्या काट्यांना व अंकांना अंधारात चमकणारा खरोखरीचा रेडियमचा रंग लावीत. त्याची चमक कधीच गेलेली असली तरी रेडियमचे तेज निम्मे व्हावयास सुमारे १,६०० वर्षे लागतात. असे घड्याळ घरी उघडू नये, रंग खरवडू नये, आणि घड्याळजीला आधी सांगावे. अलीकडच्या घड्याळांत हा धोका नाही.

जुने घड्याळ बाजारातून घ्यावयाचे असेल तर अधिक जपावे. तबकडी नव्याने रंगवून आणि चार घड्याळांचे भाग एकत्र करून ‘जुने, अस्सल’ म्हणून विकण्याचा धंदा चालतो. नवे घ्यावयाचे झाल्यास ते साधे असावे. अंक स्पष्ट असावेत, आकार मुलाच्या मनगटाला शोभेलसा असावा, पट्टा कोठेही मिळणाऱ्या मापाचा असावा, आणि दुरुस्तीची सोय आपल्या किंवा शेजारच्या गावी असावी. ‘३० मीटर’ असे लिहिले असले म्हणजे ते घालून नदीत पोहता येते असा अर्थ नव्हे. हात धुताना उडणारे शिंतोडे ते सोसते, इतकेच. सेलचे घड्याळ काही काळ वापरावयाचे नसेल तर सेल काढून ठेवावा, नाहीतर तो पाझरून आतले भाग खातो. चावीच्या घड्याळाला रोज एकाच वेळी चावी द्यावी, आणि चावी घट्ट लागली की तेथेच थांबावे. लोहचुंबकापासून, म्हणजे ध्वनिवर्धकापासून आणि चुंबक बसविलेल्या मोबाइलच्या पाकिटापासून, दोन्ही प्रकारची घड्याळे दूर ठेवावीत.

घड्याळाच्या पाठीवर मुलाचे नाव आणि दिवस कोरून घ्यावा. मजकूर थोडा असावा, आणि कोरण्यापूर्वी मागचे झाकण घड्याळजीकडून वेगळे करून घ्यावे. त्यासोबत हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र द्यावे : हे घड्याळ कोणाचे, कोणत्या प्रसंगी दिले, का दिले. पन्नास वर्षांनी घड्याळ ज्याच्या हाती जाईल, त्याला ते पत्रच सारे सांगेल.

या प्रथेची एक काळी बाजू आहे, तिचाही विचार झाला पाहिजे. जावयाला घड्याळ देण्याची हौस पुढे पुढे वरपक्षाची मागणी झाली, आणि मुलीच्या बापाने ऋण काढून ती पुरविली. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा झाला तो १९६१ साली, म्हणजे स्वदेशी घड्याळ बाहेर पडले त्याच वर्षी. मागून घेतलेली वस्तू ही भेट नव्हे. कायद्याने तो अपराध आहे आणि मनगटावर तो रोज मिरविणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ज्या तरुणासाठी सासऱ्याला कर्ज काढावे लागेल, त्याने स्वतः होऊन ‘मला घड्याळ नको’ असे सांगावे. तसेच, वेळ सांभाळण्याचा विश्वास एकट्या मुलावरच का टाकावा? परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या, नोकरीस निघणाऱ्या मुलीच्या हातावरही आईवडिलांनी तितक्याच अभिमानाने घड्याळ बांधावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांना लवकरच घर सोडून मोठ्या शहरात जावे लागेल, आणि कोणी ना कोणी तुम्हाला घड्याळ देईल. ते किती रुपयांचे आहे हे विचारू नका. ते खणात ठेवू नका, हातावर बांधा. चावीचे असेल तर रोज चावी द्या, चार-पाच वर्षांनी साफ करून घ्या. आणि ज्याने दिले त्याला भेटण्याची वेळ ठरविलीत, तर त्या वेळेच्या पाच मिनिटे आधी दारात उभे राहा. घड्याळाच्या भेटीची परतफेड याहून वेगळी करता येत नाही, आणि देणाऱ्यालाही दुसरी नको असते.