कानी शाल

काश्मीरमध्ये पश्मिना लोकरीपासून हातमागावर विणली जाणारी नक्षीदार शाल. ‘अमली’ शालीवरील नक्षी सुईने भरलेली असते, तर कानी शालीची नक्षी विणीतच सिद्ध होते. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या केसांखालची मऊ लव. ती वसंत ऋतूत विंचरून काढतात. तिचे सूत परंपरेने काश्मीरी स्त्रिया चरख्यावर काततात.

सामान्य विणकामात बाण्याचा धागा धोट्याने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेला जातो. कानी विणीत प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या लहान लाकडी काडीवर (कानी किंवा तुजी) गुंडाळलेला असून, तो आपल्या रंगापुरताच ताण्यात गुंफून शेजारच्या रंगाच्या बाण्यात अडकवितात. त्यामुळे दाट नक्षीच्या शालीस वर्षाहून अधिक काळ लागतो. विणताना शालीची सुलट बाजू खाली असते आणि विणकरासमोर चित्रही नसते. नक्काश आराखडा काढतो, तरहगुरू त्यावरून रंग व धाग्यांची संख्या सांगतो आणि तालीमगुरू ती सांकेतिक लिपीत लिहून घेतो. ही ‘तालीम’ वाचून विणकर शाल विणतो.

सुलतान जैनुल आबिदीन (कार. १४२०–७०) याने या कलेस उत्तेजन दिले, अशी परंपरा आहे. पुढे मोगल दरबारात तिची भरभराट झाली. एकोणिसाव्या शतकात यूरोपात या शालींना मोठी मागणी आली. तेथील मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या. मराठीत कोयरी म्हटल्या जाणाऱ्या आकृतीस इंग्रजीत पेझ्ली हे स्कॉटलंडमधील गावाचे नाव पडले, ते यामुळेच.

या व्यापाराचा लाभ विणकरास क्वचितच मिळाला. शालीवर ‘दाग-शाल’ खात्याचा भारी कर असे आणि कर्जबाजारी विणकरास कारखाना सोडता येत नसे. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात निषेधार्थ निघालेल्या विणकरांवर सैन्य चालून गेले. त्यात अनेकांचा मृत्यू झाला. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर (१८७०–७१) यूरोपीय बाजारपेठ ढासळली, तर १८७७–७९ च्या दुष्काळाने कित्येक विणकर कुटुंबे नष्ट झाली.

विसाव्या शतकात ही कला प्रामुख्याने कानिहामा व आसपासच्या गावांत टिकून राहिली. काश्मीर पश्मिन्यास २००८ मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. तथापि यंत्रावर विणलेल्या स्वस्त शाली कानी म्हणून विकल्या जात असल्याने, तालीम वाचू शकणाऱ्या विणकरास श्रमाचे योग्य मोल मिळणे, हाच या कलेच्या भवितव्याचा मुख्य प्रश्न आहे.