प्रौढपणी वर्ग निवडताना

आपली गाठ पडत नाही, कारण तुम्ही सोमवार ते शनिवार येता आणि मी रविवारी. आपल्याच महाविद्यालयातील मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात मी बी.ए.च्या द्वितीय वर्षाला आहे. वय एक्केचाळीस, मुक्काम वांगणी, घरी हे, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. "शिकावंसं वाटतं गं, पण कुठला वर्ग धरू?" असे आमच्या चाळीतल्या बायका मला विचारतात. त्यांना जे सांगते तेच येथे मांडते.

आधी माझी चूक. मुलगी पाचवीत गेली तेव्हा तिच्या इंग्रजी पुस्तकाची धास्ती घेऊन मी कल्याणला रात्रीचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावला. सगळी फी एकदम भरली. वर्ग साडेआठला सुटे. परतीची लोकल पुष्कळदा अंबरनाथ, नाहीतर बदलापूरपर्यंतचीच असे. वांगणीला कर्जत किंवा खोपोली गाडीच हवी. घर गाठेपर्यंत दहा वाजत. दीड महिन्यात वर्ग सुटला, फी बुडाली आणि "सांगितलं होतं ना?" एवढे वाक्य तेवढे घरात उरले. वर्ग वाईट नव्हता. निवड चुकली होती.

म्हणून पहिला प्रश्न : शिकायचे कशासाठी? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी. आपल्याच जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी २०१६ साली महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या त्या आज्यांना नोकरी नको होती. अक्षर हवे होते. तिथे प्रमाणपत्राचा प्रश्नच नाही. शिवण किंवा संगणक शिकायचा असेल, तर कागदापेक्षा हाताला सराव किती मिळतो ते पाहावे. मात्र नोकरीत बढती हवी असेल, तर पात्रतेची परीक्षाच द्यावी लागते. दहावी-बारावी राहिली असेल, तर मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येते. मी बारावी तशीच केली.

दुसरा प्रश्न वेळेचा. तास घरच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजावेत. एका तासाच्या वर्गाला तीन तास लागत असतील, तर तो वर्ग तीन तासांचाच समजावा. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. दोन्हींच्या मुळाशी हीच अडचण आहे. पुस्तके घरी येतात, संपर्कसत्रे सुटीच्या दिवशी होतात. पण घरी अभ्यासाला बसवणारे कोणी नसते, हेही लक्षात ठेवावे. स्वतःला शिस्त नसेल, तर जवळचा रोजचा वर्ग बरा.

तिसरा प्रश्न मान्यतेचा. पदवी दूरशिक्षणाने घ्यायची असेल, तर त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे प्रवेशापूर्वी तपासावे. नुसत्या जाहिरातीवर विसंबू नये. फी हप्त्याने घेतात का, वर्ग सोडल्यास काही परत मिळते का, तेही विचारून पावतीवर लिहून घ्यावे.

चौथा प्रश्न मी शेजारच्या काकांकडून शिकले. वांगणीत अंध कुटुंबे बरीच राहतात, काका त्यांपैकीच. गाडीत किरकोळ वस्तू विकून संसार चालवतात. प्रवेश घेताना त्यांनी पहिल्याप्रथम विचारले, "पुस्तक ऐकायला मिळेल का? परीक्षेला लेखनिक मिळेल का?" मग एक दिवस वर्गात बसून पाहिले आणि नंतरच पैसे काढले. मी सगळे छापील वाचू शकत असून पाच वर्षांपूर्वी एवढेही विचारले नव्हते.

आता शनिवारी रात्री सासूबाईच म्हणतात, "उद्या तुझी शाळा ना? भाकऱ्या मी टाकते." घरातले हे दार उघडायला मला तीन वर्षे लागली. गुरुजनांना मात्र एक विनंती : रविवारी ग्रंथालयाला कुलूप असते. महिन्यातून दोन रविवार ते उघडे राहिले, तर आम्ही रविवारचे विद्यार्थीही या महाविद्यालयाचेच आहोत असे वाटेल.