पहिली-दुसरीच्या वर्गातील जिज्ञासाधिष्ठित अध्ययन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. बालकाचे शिक्षण कृती, शोध आणि अन्वेषण यांच्याद्वारे व्हावे, अशी अपेक्षा या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये व्यक्त झाली आहे. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांमधील ज्ञानरचनावादी प्रयोगांची राज्यभर चर्चा झाली आणि अनेक जिल्ह्यांतील शिक्षकांनी या शाळांना भेटी दिल्या. मात्र कोणत्याही प्रयोगाचे अनुकरण होताना त्याचे दृश्य रूप आधी उचलले जाते. फरशीवरील आखणी, रंगीत साहित्य व गटांची बैठक वर्गात येते. परंतु प्रश्न शिक्षकाचा आणि उत्तरही शिक्षकाचेच राहते. जिज्ञासाधिष्ठित अध्ययनाचे मर्म साहित्यात नसून प्रश्न व पुरावा यांच्या संबंधात आहे, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात पहिली-दुसरीच्या वर्गासाठी काही उपक्रमांची मांडणी करण्यात आली आहे.

संकल्पना :

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० मध्ये विचारप्रक्रियेचे विवेचन करताना तिचा आरंभ संभ्रमातून, अडचणीतून होतो असे प्रतिपादन केले. सहा-सात वर्षांच्या बालकाच्या बाबतीत ही प्रक्रिया चार टप्प्यांत मांडता येते : अंदाज करणे, पाहणे वा करून बघणे, नोंद ठेवणे आणि नोंदीच्या आधारे अंदाज तपासणे. यांपैकी पहिला टप्पा वगळला तर उरते ते केवळ प्रात्यक्षिक. बालकाने आधी स्वतःचे मत मांडलेले असेल तरच निष्कर्ष त्याला आपला वाटतो. म्हणून चुकीचा ठरलेला अंदाज फळ्यावरून पुसू नये. तो निष्कर्षाशेजारी तसाच राहू द्यावा.

महाराष्ट्राला या विचाराची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाड येथे विस्तारलेले ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य परिसरातील सहज उपलब्ध वस्तूंवर उभे होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही पहिली-दुसरीसाठी परिसर अभ्यास स्वतंत्र विषय न ठेवता भाषा व गणितात गुंफण्याची शिफारस आहे.

उपक्रम पहिला – पावसाची पट्टी :

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर कर्जत, जामखेड, पाथर्डी या पर्जन्यछायेतील भागांत तो साधारण ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. पाऊस हा येथील घराघरांतील चर्चेचा विषय असल्याने प्रश्न बाहेरून आणावा लागत नाही.

सरळ उभ्या कडांचे व सपाट तळाचे एकसारखे पेले घ्यावेत. पेले ठेवण्यापूर्वी शिक्षकाने विचारावे : ‘अंगणातल्या पेल्यात आणि चिंचेखालच्या पेल्यात सारखेच पाणी साठेल का?’ सारखे, कमी, जास्त अशा तीन रकान्यांत मुलांची नावे लिहावीत. रोज ठरावीक वेळी पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून ती तारखेनुसार भिंतीवर चिकटवावी व पेला रिकामा करावा. महिनाभरात भिंतीवर स्तंभालेख तयार होतो. लहान-मोठे, अधिक-उणे, कोरड्या दिवसांची मोजणी, तारीख-वाराचे वाचन हे सारे त्यातच घडते. झाडाखाली बहुधा पाणी कमी साठते; पण पानांवरून ओघळ येणाऱ्या जागी ते जास्तही साठू शकते. असा अपवाद आढळल्यास तो दडवू नये, कारण पुढचा प्रश्न तेथूनच निघतो. अकोल्यातील एका व कर्जतमधील एका शाळेने पट्ट्यांची छायाचित्रे परस्परांना पाठवली, तर जिल्ह्याचा भूगोल मुलांना नकाशापूर्वीच समजू लागेल.

उपक्रम दुसरा – बियांचा वर्ग :

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. बी हे या जिल्ह्यात घरातील आजीच्या ज्ञानाचा भाग आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा, वाल, मूग असे मूठभर दाणे घरून मागवावेत व मुलांनी स्वतःच्या निकषांनी त्यांची वर्गवारी करावी. त्यानंतर प्रश्न : ‘अंधारात बी उगवेल का?’ बरीच मुले नकार देण्याची शक्यता असते. ओल्या फडक्यातील हरभरे एक गट उजेडात व दुसरा गट बंद डब्यात ठेवतो. दाणे, फडके, पाणी सारखे. फरक केवळ उजेडाचा. काही दिवसांत दोन्हीकडे मोड येतात. डब्यातील कोंब पुढे फिकट व लांबट होतात, तेव्हा ‘उगवायला काय लागते’ आणि ‘वाढायला काय लागते’ हे प्रश्न वेगळे आहेत, हे मुलांच्या ध्यानात येते. रोजचे चित्र व त्याखाली एक वाक्य, एवढी नोंद लेखनासाठी पुरेशी आहे.

शिक्षकाची भूमिका :

मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनात असे आढळले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढविल्यास मुलांची उत्तरे अधिक दीर्घ व सकारण होतात. या सुधारणेला कोणताही खर्च नाही. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणण्याऐवजी ‘तुला कसे कळले?’ हा प्रश्न विचारणे ही दुसरी सवय होय. उत्तर घरच्या बोलीत आले तरी ते त्याच शब्दांत फळ्यावर लिहावे आणि प्रमाण शब्द शेजारी द्यावा.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील ऊसतोड कुटुंबांची मुले पालकांबरोबर स्थलांतर करतात. परत आल्यावर ती पाठ्यपुस्तकात मागे असतात. परंतु मोळीत किती ऊस बसतात, बैलाला पाणी केव्हा लागते, हे त्यांना ठाऊक असते. अनुभवाला पुरावा मानणाऱ्या वर्गात अशा मुलाला बोलण्याची जागा मिळते. शाळेत टिकून राहण्याच्या दृष्टीने ही बाब गौण नाही.

मर्यादा :

जिज्ञासाधिष्ठित अध्ययन हे सर्व गोष्टींवरील उत्तर नव्हे. किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे नवशिक्या अध्ययनार्थ्यांना अत्यल्प मार्गदर्शनावर सोडणे फलदायी ठरत नाही. अक्षर-ध्वनी संबंध मुले आपण होऊन शोधतील अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. तो पद्धतशीरपणे शिकवावाच लागतो. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची वाचन व संख्याज्ञानाची उद्दिष्टे आणि शोधप्रक्रिया यांत विरोध मानण्याचेही कारण नाही. शिकवलेले अक्षर व अंक वापरण्यास खरा हेतू मिळतो तो पावसाच्या पट्टीवर आणि बियांच्या वहीत. आठवड्यातून दोन तास इतकी सुरुवात द्विशिक्षकी शाळेतही शक्य आहे.

समारोप :

भावी शिक्षक ज्या पद्धतीने शिकतो, त्याच पद्धतीने तो शिकवतो. त्यामुळे या विषयाची जबाबदारी केवळ प्राथमिक शाळांवर ढकलता येत नाही; अध्यापक विद्यालये व महाविद्यालये यांनाही ती स्वीकारावी लागेल. छात्राध्यापकाच्या पाठाचे निरीक्षण करताना त्याने कोणते साहित्य वापरले, याबरोबरच मुलांनी किती प्रश्न विचारले आणि त्यांपैकी किती प्रश्नांचा पाठपुरावा झाला, याची नोंद घेतली जावी. या एका नोंदीमुळेही पाठाच्या तयारीची दिशा बदलू शकेल.